अर्धी भाकरी वाढली

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाय, हे आधीच सांगून टाकते. वाडीतल्या बाया माझ्या पाठीमागं मला ‘ठकू फौजदार’ म्हणतात. म्हणोत बापड्या. पंधराव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी महिन्याच्या आत माहेरची वाट दाखवली, तेव्हापासून भावाच्या घरात चूल सांभाळतेय. दुसऱ्याच्या घरात खाणाऱ्या बाईला डोळे उघडे ठेवावेच लागतात. पण त्या साली ह्याच डोळ्यांनी माझा घात केला.

साल म्हणजे मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला ते. माझा धाकटा भाऊ मुरारी तिथं गिरणीत होता. संप वैशाखात लागला आणि त्याच्याकडनं पैसे येणं थांबलं. पावसात मुंबईहून येणारी दासगावची बोट बंद, म्हणजे माणूसही येईना. त्यात त्या वर्षी दोन श्रावण. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तो आमच्याकडं पंचांगासकट आला. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. पिकतं काय, तर नाचणी नि वरी, तीही दसऱ्याच्या पुढं. भाद्रपदात कणगीत हात घातला की बोटं बुडाला लागायची. खाणारी माणसं तीन. मी, मुरारीची बायको येसू आणि त्यांची दहा वर्षांची शकू.

आमच्या घरात एक रीत हाय. धान्य संपलं असं म्हणायचं नाय, वाढलं म्हणायचं. तांदूळ वाढले, मीठ वाढलं, तेल वाढलं. लक्ष्मीला जिभेनं हाकलू नये, असं माझी आय म्हणायची. दुकानदार नाय का, दुकान बंद करत नाय, वाढवतो. तसंच. शकू लहान असताना एकदा ‘गूळ संपला’ म्हणाली तर मी तिच्या तोंडावर चापट मारली होती. पुन्हा कधी तिच्या तोंडातनं तो शब्द आला नाय.

आता पुढचं सांगायला जीभ रेटत नाय, पण सांगते. वैशाख सरता सरता मी गुडघ्यांसाठी सव गावाला गेले होते, गरम पाण्याच्या कुंडांवर. तिथं कुशाबाची गाठ पडली. सवचा भातशेतीवाला माणूस, पोरासाठी सून बघत होता. मीच पुढं होऊन म्हटलं, “आमची शकू हाय की.” तो म्हणाला, “जरा अंगानं भरू द्या. गौरी बोळवल्या की बघायला येतो. वाढली असली पोर, तर माघात उरकून टाकू.”

घरी येऊन मी येसूला सांगितलं, “शकू वाढली गो आता. गौरीपर्यंत अजून वाढेल. मग काय, पाठवायची.” येसू चुलीतल्या लाकडाकडं बघत राहिली. हो म्हणाली नाय, नको म्हणाली नाय. शकू तिथंच कोपऱ्यात कुळीथ निवडत होती.

खरं कारण सांगू? घरातलं एक तोंड कमी करायची पाळी आली, तर पहिलं बोट माझ्याकडं वळणार, हे मला कळत होतं. ते बोट मी पोरीकडं वळवलं. मनाला मात्र बजावलं की पोर भाताच्या घरी पडतेय, पोटभर जेवेल. मन काय, सांगू ते ऐकतं.

त्याच आठवड्यात कासार वाडीवर आला. शकूच्या हातातल्या हिरव्या बांगड्या घट्ट बसल्या होत्या, निघता निघेनात. एक ओढताना तिचा टवका उडाला. कासार म्हणाला, “हात वाढला पोरीचा. ह्या आता वाढवाव्याच लागतील.” पोरीनं हात खस्सकन मागं घेतला आणि असा आकांत मांडला की कासार घाबरला. मी म्हटलं, राहू देत, नंतर बघू.

आता त्या भाकरीचं. मी सकाळी चार भाकऱ्या भाजायची, तळहाताएवढ्या. येसू आपली बांधून खाली खोऱ्यात बेणणीला, भातातलं तण काढायला जायची, महिपतच्या शेतावर. दुपारी एक मी खायची, एक शकू. शकू आपली भाकरी घेऊन पडवीत जाऊन बसायची, पाठमोरी. चौथी भाकरी शिंकाळ्यात राहायची, सांजच्याला तिघींत, आंबिलीबरोबर. जेवून मी कणगं, म्हंजे रानातले कंद, खणायला जायची नि परत येऊन शिंकाळं उतरवायची.

एक दिवस शिंकाळं उतरवलं तर त्यात दीड भाकरी. मला वाटलं, मोजायला चुकले. पण मी? नि मोजायला? दुसऱ्या दिवशी चारदा मोजून ठेवली. एकच होती. परत आले तर दीड. तिसऱ्या दिवशीही दीड.

भाकरी कमी झाली असती तर मी घटकाभरात चोर धरला असता. पण वाढलेल्या भाकरीचा चोर धरायचा कसा? खऱ्याखुऱ्या वाढलेल्या, आमच्या रीतीतल्या नव्हे. भाद्रपदात, सगळ्या वाडीची पोटं पाठीला लागलेली असताना, आमच्याच शिंकाळ्यात अर्धी भाकरी जास्त! फुकट कोण देतो? आणि दिली तर कशासाठी?

मी रानातनं यायच्या आधी घरात कोण येतं, तर येसू. तेवढं पुरलं मला.

बनुबाई आमची शेजारीण. तिचं तोंड म्हणजे गावचं चावडीघर. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “बेणणी लांबली का गो यंदा?” ती लगेच म्हणाली, “बेणणी कसली लांबते! आमी सगळ्या निघतो, तुझी येसू मात्र मागं थांबते. महिपत बांधावरच असतो बाई. मी काय बोलत नाय हो. आपल्याला काय करायचंय!” आपल्याला काय करायचंय म्हणणारी बाई नेमकं करायचं ते करून जाते. मला रात्रभर डोळा लागला नाय.

मग बांगड्या. शकू झऱ्यावरनं हंडा घेऊन आली. उतरवायला हात वर केला आणि बांगड्या सळसळत कोपरापर्यंत गेल्या. मी बघतच राहिले. ज्या मनगटावरनं हलत नव्हत्या त्या कोपरापर्यंत? म्हंजे ह्या नव्या हायत, मोठ्या मापाच्या. भाकरी झाली, आता पोरीला बांगड्या! “कुणी दिल्या गो ह्या?” मी ओरडले.

“कुणी नाय. जुन्याच हायत.”

“माझ्यापुढं खोटं? आयनं शिकवलंय?”

तिनं हात पाठीमागं लपवला आणि अंगणात पळाली. आता माझी खात्रीच पटली. मायलेकी दोघी एकीत. कुठंतरी पाणी मुरत होतं नि माझ्याच भावाच्या भिंतीत मुरत होतं. मुरारी तिकडं संपात उपाशी, आणि ही इकडं!

दुसऱ्या दिवशी कणगं खणायला जाते सांगून मी खोऱ्यात उतरले. करवंदीच्या जाळीत दडून बसले. सगळ्या बाया निघाल्या. येसू खरंच मागं राहिली. महिपत बांधावर उभा होता, पण लांब, त्या टोकाला. येसू वाकून कुर्डूची भाजी खुडत होती नि ओटीत घालत होती. दुसरं काय दिसलं नाय. शहाण्या बाईनं इथंच थांबायचं होतं. मी मनात म्हटलं, निमित्त बरं सापडलंय हिला, भाजी खुडायचं. संशय एकदा पोटात शिरला की त्याला सगळंच पचतं.

गौरी यायला चार दिवस होते. पाऊस असा लागला होता की अंगणातनं समोरचा डोंगर दिसेना. येसू दुपारीच भिजून परतली. मी शिंकाळं उतरवून तिच्यापुढं आदळलं.

“ही अर्धी कुठली?”

“तुमीच भाजल्यात ना वन्सं.”

“मी चार भाजते. तीन गेल्या. राहिली एक. ही अर्धी कुठली ते सांग.”

“मला काय ठाऊक?”

“तुला नाय तर कुणाला ठाऊक? महिपत काय धर्मशाळा चालवतो? का वाटतो तुला भाकऱ्या, का पोरीला बांगड्या घेऊन देतो? भाऊ माझा आंधळा असेल, मी नाय!”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. येसू पांढरीफटक पडली. बारा वर्षांत ती मला उलटून बोलली नव्हती. तिनं ओटीतली भाजी खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्याकडं बघून बोलली.

“वन्सं, माझ्या पोटची पोर तुमी परस्पर सवला देऊन टाकलीत. मी बोलले नाय. म्हटलं, मी दिवसभर शेतात, तिला सांभाळता ती तुमीच. पण आज बोलते. पोर सुकत चाललीय. मी तिला विचारलं तर म्हणते, आत्या पोटभर घालते. ही भाकरी मी आणली असं वाटतं तुमाला? बघा ती नीट. आणि कधीतरी तिच्याकडंपण बघा. नुसतं काय मोजत बसता!”

तिनं ती अर्धी भाकरी माझ्या मांडीत टाकली.

मी बघितली. आमच्या भाकरीच्या खापराला शिमग्यापासून तडा गेला होता. दुसरं आणायला कुठं होतं? त्या तड्यामुळं माझ्या दरेक भाकरीच्या मधोमध एक काळा पट्टा उमटायचा. ह्या अर्ध्या भाकरीच्या तुटल्या कडेला तो पट्टा होता. भाकरी माझीच होती. इतके दिवस मी मोजत होते, पण एकदाही हातात धरून बघितली नव्हती.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. मी माझी भाकरी खाते. येसू तिची शेतात खाते. पाठमोरी बसून कोण खातं?

शकू पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मी तिचा हात धरला. माझी बोटं तिच्या दंडाभोवती फिरून एकमेकांना लागली. बांगड्या त्याच, हिरव्या. एकीचा टवका उडालेला, कासारानं ओढताना उडाला तोच. बांगड्या मोठ्या झाल्या नव्हत्या. हात गेला होता.

“भाकरी तू परत ठेवतेस?”

तिनं होय म्हणून मान हलवली.

“भूक लागत नाय तुला?”

“लागते.”

“मग काय करतेस?”

“पाणी पिते. चिंचेचा पाला खाते.”

“अगो पण का? कुणी सांगितलं तुला?”

तिनं बांगड्या चाचपल्या. येसू माझ्या मागं येऊन उभी होती. शेवटी पोर म्हणाली, “मला वाढायचं नाय.”

मला काय कळेना. पोरगी खुळावली की काय? मी विचारलं, “वाढायचं नाय म्हंजे?”

“तांदूळ वाढले, मग भात नाय. तेल वाढलं, मग दिवा नाय. तूच सांगतेस ना, तुझ्या बांगड्या वाढवल्या, मग आतोबा नाय, तुझं घर नाय. कासार म्हणाला माझ्यापण वाढवायच्या. तू म्हणालीस शकू वाढली, अजून वाढेल, मग पाठवायची.” तिनं बांगड्या कोपरापर्यंत सरकवून दाखवल्या. “मी रोज बघते. इथवर चढतात तोवर मी वाढले नाय.” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि मी नाय खाल्लं तर नाचणीपण वाढत नाय, आत्या.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या डोक्यात वाढणं म्हणजे संपणं बसलं होतं, आणि ते मी बसवलं होतं, चापट मारून. चोर शोधायला मी जाळीत दडून बसले, खोऱ्यात उतरले, सोन्यासारख्या बाईच्या पदराला हात घातला. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी तिथंच पडवीत बसकण मारून रडले. येसूपुढं हात जोडले. ती म्हणाली, “ते नंतर, वन्सं. आधी हिला खाऊ घाला.”

पण हिला खाऊ घालायचं कसं? भाकरी पुढं केली की तोंड मिटायची. गोड बोलले, रागावले, देवाची शपथ घातली. “वाढते गो तुला” म्हटलं की ताटावर पंजा धरायची. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. का असावा? माझ्याच घरात वाढलेली ती. गौरीच्या भाजीभाकरीतलाही तिनं एक घास चघळला आणि बाकी हळूच बाजूला सारलं. झऱ्यावर चक्कर येऊन पडली ती त्याच दिवशी.

गौरी बोळवल्या आणि तिसऱ्या दिवशी कुशाबा आला. शब्दाचा पक्का. बरोबर गडी, गड्याच्या पाठीवर तांदळाची गोणी. ओटीवर गोणी टेकवली तशी दोन दाणे बाहेर सांडले. ते दाणे मी बघत होते. आखाडापासनं घरात तांदूळ आला नव्हता.

शकूला येसूनं पुढं आणली. कुशाबानं खालपासून वरपर्यंत बघितलं. “ही होय? हे तर पाप्याचं पितर!” मग हसला, “असू दे, असू दे. तांदूळ ठेवून जातो. घाला खायला. माघापर्यंत वाढेल पोर.”

‘वाढेल’ म्हणताच शकूनं माझ्या लुगड्याची मूठ आवळली. मला ती मूठ मांडीवर कळली.

“कुशाबा,” मी म्हटलं, “पोर द्यायची नाय.”

“अहो ठकूबाई, शब्द तुमीच टाकलात!”

“मीच टाकला, मीच उचलते. चूक माझी. तुमाला इथवर पायपीट झाली, माफी असावी.”

“आणि हे उचलून नेऊ?” त्यानं गोणीवर हात ठेवला. “ह्या दिवसांत? खाणार काय तुमी? घरातलं एक तोंड कमी झालं असतं.”

“कमीच करायचं तर थोरल्यापासनं करावं. उद्यापासनं मी जाते महिपतकडं दळायला-कांडायला. दुपारचं तिथंच मिळेल ते खाईन.” हे बोलताना मला येसूकडं बघवलं नाय.

माणूस भला होता. शिव्या दिल्या नाय, नुसती मान हलवली. गड्यानं गोणी उचलली. ते दोघं पायवाटेनं खाली दिसेनासे होईपर्यंत आमी तिघी ओटीवर उभ्या होतो. सांडलेले दाणे येसूनं वेचून घेतले.

सांजच्याला मी कणगीचा तळ झाडला. निघालं त्याची आंबील केली, त्यात ते तांदळाचे दाणेही टाकले. तीन ताटं मांडली. शकूपुढं डाव नेला तशी तिनं ताटावर पंजा धरला, रोजच्यासारखा.

मी डाव खाली ठेवला. म्हटलं, “शकू, ऐक. नाचणी संपली.”

“वन्सं!” येसू दचकून ओरडली. सांजवेळी, चुलीपुढं, असलं बोलायचं?

“बोलू दे मला. नाचणी संपली. तेल संपलं. तांदूळ तर आखाडातच संपले. तुझे आतोबा मेले आणि लोकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. वाढवल्या नाय गो, फोडल्या. दगडानं. संपलं ते संपलं. त्याला वाढलं म्हणत होतो ते आमी खोटं बोलत होतो, भीतीनं.” मी तिची हनुवटी वर केली. “तू संपली नायस. तू वाढायचीस. ह्याच घरात.”

ती माझ्याकडं बघत राहिली. बारीक डोळे करून, अगदी मी बघते तशी. “कुशाबा परत आला तर?”

“दारात ठकू फौजदार बसलीय.”

“नि उद्या काय खायचं?”

“कणगं खणायची, कुर्डू खुडायची. आय नि मी मजुरीचं काय आणू ते. उद्या उपास पडला तर उपास पडला म्हणून सांगीन तुला. तुझ्याशी पुन्हा खोटं बोलणार नाय.”

येसूनं आपलं ताट थोडं सरकवून शकूच्या ताटाला लावलं. शकूनं एकदा कणगीकडं बघितलं, एकदा आपल्या बांगड्यांकडं. मग ताटावरचा पंजा हळूच उचलला.

“वाढ, आत्या,” ती म्हणाली.

मी वाढलं.